बादलीभर समुद्र

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे आणि मी गळत नाही. कुणी विचारलं नसताना हे सांगते, कारण एकोणीस वर्षं माझ्या अंगावर एक कागद डकवलेला होता: 'गळकी. वापरू नये.' तो लिहिणाऱ्याचं अक्षर फार सुंदर होतं. ज्याने तो लिहिला त्यानेच मला घडवलं होतं, आणि मी गळत नाही हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं.

माझा जन्म एका शाळेच्या प्रयोगशाळेत झाला. गाव बंदराचं. बाजारातलं एक दुकान बंद पडलं होतं, त्याच्या दर्शनी कपाटाच्या काचा शाळेला फुकट मिळाल्या. त्या कापून, कडा घासून, सांधे भरून प्रयोगशाळेतल्या काकांनी मला उभं केलं. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काका उंच आणि किडकिडीत होते, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मुलं त्यांना शून्यकाका म्हणत. कारण काट्याचा तराजू असो, घड्याळ असो की नुसती फूटपट्टी, प्रयोगाला हात घालण्याआधी काका सगळं शून्यावर आणत. "आधी शून्य, मग प्रयोग," असं ते दिवसातून वीस वेळा म्हणत. मुलं त्यांची नक्कल करत, आणि काकांनाही ते मनातून आवडत असावं.

मला मागितलं होतं भूगोलाच्या बाईंनी. ठेंगण्या, तोंडाने फटकळ. दर रविवारी सकाळी टेप घेऊन त्या धक्क्याच्या पायऱ्यांवर जात आणि भरतीचं पाणी कुठवर आलं ते मोजून वहीत लिहीत. अकरा वर्षं हा उद्योग चालला होता. लोक हसत. बाईही हसत, पण मोजायचं सोडत नसत. पाणी हळूहळू वर सरकतंय असं त्यांची वही सांगत होती, आणि ते का सरकतंय हे मुलांना डोळ्यांनी दिसावं म्हणून त्यांना मी हवी होते.

माझ्या एका टोकाला काकांनी प्लास्टरचं गाव केलं. धक्का, बाजाराचा रस्ता, खालचं मैदान, मागे चढत जाणारा माळ. लाकडाच्या ठोकळ्यांची घरं इतकी बारकाईने रंगवली की मुलं आपापलं घर शोधून बोट ठेवत. दुसऱ्या टोकाला पाण्याच्या वर एक काळी फरशी बसवली, पाण्याकडे जरा कललेली. तिच्यावर बर्फ ठेवायचा. तो म्हणजे जमिनीवरच्या हिमनद्या आणि बर्फाच्या चादरी. काचेवर बाहेरून एक निळी रेघ ओढली. ती समुद्राची खूण.

बाई प्रयोग दोनदा करत. पहिल्यांदा बर्फ सरळ पाण्यात सोडत, मग रेघेपर्यंत पाणी भरत आणि बर्फ वितळेपर्यंत थांबत. पाणी चढेल अशी पैज लावणारी मुलं दर वर्षी हरत. तरंगणाऱ्या बर्फाने आपली जागा आधीच घेतलेली असते, तो वितळून तेवढ्याच जागेत मावतो, असं बाई सांगत. बाकावर आधीच बसलेला माणूस झोपी गेला म्हणून बाकावरची गर्दी वाढत नाही. दुसऱ्यांदा मात्र बर्फ फरशीवर ठेवत आणि पाणी रेघेवर आणत. आता तो थेंबाथेंबाने खाली आला की पाणी चढायचंच, कारण बाकावर नवा माणूस येऊन बसतोय. "आणि वितळायचीसुद्धा गरज नाही," बाई फरशीवर टिचकी मारत म्हणत. "नुसता घसरून पाण्यात पडला तरी पुरतो."

ती माझी सुखाची वर्षं. दुसऱ्या शाळांची मुलं मला बघायला येत. काका मला वर्तमानपत्राच्या ओल्या कागदाने पुसत, त्यांना माझ्यावर बोटाचा ठसा खपत नसे. मला वाटायचं, माझ्यासारखी खरं बोलणारी वस्तू साऱ्या शाळेत नाही. गर्व होता, कबूल करते.

मग गावातल्या प्राथमिक शाळेची नवी इमारत बांधायचं ठरलं. जागा दोन होत्या. एक खालचं मैदान, समुद्राला लागून, सपाट, रस्ता दारापर्यंत. दुसरी वरचा माळ, खडकाळ आणि चढाचा. बांधकाम समितीचं मन मैदानावर बसलं होतं. बाईंच्या वहीप्रमाणे मोठ्या भरतीला पाणी मैदानापासून हातभर खाली असायचं, आणि तो हात दर वर्षी थोडा आखडत होता. त्यांनी समितीकडे दहा मिनिटं मागितली. अर्ज, विनंत्या, पुन्हा अर्ज, असं करत एकदाची मिळाली. त्या दहा मिनिटांवर पुढच्या कितीतरी वर्षांची पहिली-दुसरीतली पोरं कुठे बसणार ते ठरणार होतं.

सभा आमच्याच शाळेच्या सभागृहात, अकरा वाजता. मासळीच्या धक्क्यावरून आठ किलो बर्फ गोणपाटात गुंडाळून आणला. काकांनी त्याच्या चार विटा केल्या आणि फरशीवर रचल्या. खालच्या मैदानावर बाईंनी एक पिवळा ठोकळा ठेवला, नव्या शाळेचा. साडेदहाला पाणी रेघेवर आणलं. बाईंनी वाकून, डोळा रेघेच्या पातळीत आणून दोनदा पाहिलं. सगळं ठाकठीक होतं. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी त्यांना फाटकावर बोलावलं, अध्यक्षसाहेबांच्या स्वागताला.

अध्यक्षसाहेब सव्वा वाजता आले. तोवर बाई फाटकावर उभ्या. दोनदा आत यायला निघाल्या, पण पाहुणे वाटेत असताना जाणं बरं दिसत नाही म्हणून मुख्याध्यापकांनी थांबवलं. काकांना खुर्च्या लावायला आणि ध्वनिक्षेपकाच्या तारा ओढायला नेलं होतं. मी एकटीच होते. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याचं छप्पर. फरशीवरून पाणी ठिबकायला लागलं. साडेबाराच्या सुमारास दोन विटा जवळपास संपल्या आणि उरलेल्या दोन, खालून गुळगुळीत झालेल्या, एकापाठोपाठ घसरून पाण्यात पडल्या. पाणी बोटभर चढलं. खालचं मैदान बुडालं, पिवळ्या ठोकळ्याचा पाया भिजला. जे बाईंना दाखवायचं होतं ते मी अगदी चोख करून दाखवलं होतं. बघायला कुणी नव्हतं.

गाड्यांचा आवाज झाला तसे काका धावत आत आले. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला. पाणी रेघेच्या वर. प्रयोग सुरू व्हायचा आणि शून्य चुकलेलं. मित्रांनो, त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला सांगायलाच हवं. तीस वर्षांच्या सवयीचे हात होते ते. त्यांनी रबरी नळी लावली, खाली बादली ठेवली आणि पाणी काढून बरोबर रेघेवर आणलं. मैदान फडक्याने कोरडं केलं. ठोकळ्याचा पाया पुसला. बादली टेबलाखाली सरकवली आणि समाधानाने हात पुसले. मला तोंड असतं तर मी गाव गोळा केलं असतं.

सगळे आत आले. चाळीसेक माणसं होती. बाईंची नजर पहिल्यांदा फरशीवर गेली. ती रिकामी होती, बर्फ पाण्यात तरंगत होता. त्या चपापल्या, पण सावरल्या. म्हणाल्या, उशीर झाला म्हणून बर्फ घसरला, हरकत नाही, तो पडल्यावर पाणी किती चढलं ते आता आपण पाहू. आणि वाकून पाहिलं तर पाणी रेघेवर.

त्या बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग काकांकडे वळल्या.

"काका, तुम्ही पाणी काढलंत का?"

त्या क्षणी काकांच्या लक्षात आलं. मी त्यांच्या अगदी जवळ होते, त्यांच्या कानांचा रंग उडालेला मला दिसला. हो म्हटलं असतं तर एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. बादली पायाशीच होती, ती उचलून दाखवली असती तर प्रयोग उलट जास्तच रंगला असता. पण समोर मुख्याध्यापक होते, समिती होती, आणि काकांच्या हातून तीस वर्षांत एकही प्रयोग बिघडलेला नव्हता. त्यांनी टाचेने बादली टेबलावरच्या कापडाआड ढकलली.

"नाही बाई. खुणेवरच आहे, बघा ना."

काकांवर अविश्वास दाखवायचं बाईंना सुचलंच नाही. खोटं बोलता येत नसलेल्या माणसाला समोरचा खोटं बोलत असेल हे सुचत नाही. त्या स्वतःशी बोलावं तशा म्हणाल्या, "मग सकाळी माझीच पाहण्यात चूक झाली असेल."

एवढं पुरेसं होतं. अध्यक्षसाहेब अगदी मायेने म्हणाले की आपण बर्फाला संधी देऊ, तो वितळेस्तोवर जेवून येऊ. पाण्यात पडलेला बर्फ आता पाणी चढवणार नाही, हे बाई सांगत होत्या, तोवर सगळे उठलेही. दीड तासाने सगळे तृप्त होऊन परत आले. बर्फ संपला होता आणि पाणी तसूभर हललं नव्हतं. हलणारच नव्हतं. हे तर बाईंनी पाचवीच्या पोरांनासुद्धा शिकवलेलं.

"बाई, बर्फ गेला," अध्यक्षसाहेब म्हणाले. "समुद्र आहे तिथंच आहे."

सभागृह हसलं. बाईंनी पुन्हा बर्फ आणून प्रयोग करायची परवानगी मागितली, पण अध्यक्षसाहेबांना पुढची सभा होती. हात वर झाले आणि शाळा खालच्या मैदानावर बांधायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्यासमोर वही घेऊन बसल्या. आठ किलो बर्फ, माझी लांबी, माझी रुंदी. पाणी बोटभर चढायलाच हवं होतं. मग गेलं कुठे? काका मागे उभे होते. ते म्हणाले, "टाकी गळत असेल, बाई. कोपऱ्यातला सांधा मला जरा ओला वाटला." बाईंनी मान हलवली. काकांनी कोपऱ्यातला सांधा नव्याने भरला, जिथे भोक नव्हतं तिथे. मग एक कागद घेतला, आपल्या सुंदर अक्षरात माझी बदनामी लिहिली आणि तो डकवताना माझ्याकडे बघितलं नाही. खापर कुणाच्या तरी माथी फोडायचं असतं, आणि मला माथं नसलं तरी मी सोयीची होते.

बाईंनी समितीला प्रामाणिकपणे पत्र लिहिलं की टाकी सदोष होती. समितीचं उत्तर लगेच आलं. टाकी सदोष होती तर प्रयोगच ग्राह्य नाही, तेव्हा विषय संपला. गावात त्यांना बर्फवाल्या बाई म्हणायला लागले. बाजारात पोरं विचारायची, बाई, आज समुद्र कुठवर आला? त्या उत्तर द्यायच्या, अगदी बोटांच्या हिशेबात. त्यावर पोरं आणखी हसायची.

माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. फुटका पृथ्वीगोल, एक पाय नसलेला सांगाडा आणि मी. माझ्या गावावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले, त्यांच्या वजनाने धक्का मोडला. खिडकीतून खालचं मैदान दिसायचं. तिथे पिवळी शाळा उभी राहिली, रोज सकाळी प्रार्थनेचा आवाज यायचा. काका निवृत्त झाले त्या दिवशी सभागृहातलं भाषण मला ऐकू आलं. मुख्याध्यापक म्हणाले, या माणसाच्या हातून एकही प्रयोग बिघडला नाही. काका त्या दिवशी अडगळीच्या खोलीपाशी आले नाहीत. बाई पुढे निवृत्त झाल्या तेव्हा मात्र येऊन गेल्या. माझ्या काचेवर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

काकांची लेक शिकून मास्तरीण झाली आणि त्या पिवळ्या शाळेत पहिलीला शिकवायला लागली.

मग तो दिवस आला. अमावस्येची भरती होती आणि वारा समुद्राकडून. इतक्या वर्षांत पाणी फार नाही, चारपाच बोटंच वर सरकलं होतं, पण त्याला वाऱ्याची साथ मिळाली आणि ते मैदानावर चढलं. सकाळचे अकरा वाजले होते, वर्ग भरलेले होते. पाणी दारातून यायच्या आधी मोऱ्यांतून वर आलं. पहिलीच्या वर्गात एकतीस मुलं. काकांच्या लेकीने त्यांना टेबलांवर चढवलं. टेबलं पुरेनात तेव्हा दोघांना कडेवर घेऊन ती कमरेएवढ्या पाण्यात अडीच तास उभी राहिली. होड्या आल्या तेव्हा तिचे हात सोडवेनात.

कुणी बुडालं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सारं गाव म्हणालं, थोडक्यात निभावलं. त्या वर्गातली एक मुलगी अजून खुर्चीवर पाय खाली सोडून बसत नाही, पण ते कुठे लिहून ठेवत नाहीत.

भिजलेली बाकं आमच्या अडगळीच्या खोलीत आणून ठेवली. लेक आली, तिच्यासोबत काकाही आले, आता पार वाकलेले. लेकीने माझ्यावरची धूळ पुसली आणि कागद वाचला.

"बाबा, हीच ना ती टाकी?" ती म्हणाली. "ही त्या दिवशी गळली नसती तर शाळा माळावर झाली असती."

 दुसऱ्या दिवशी सकाळी काका एकटेच आले. गठ्ठे उतरवले, रेघेपर्यंत पाणी भरलं आणि एका उलट्या बाकावर बसून राहिले. सकाळपासून दुपारपर्यंत त्या रेघेकडे बघत होते. त्यांना वाटत असावं, त्या दिवशी नसेल, पण एवढ्या वर्षांत तरी ही खरंच गळायला लागली असेल. मी एक थेंबही सोडला नाही. त्यांनी डोळे पुसले. खरं सांगते, मला दया आली नाही.

मग त्यांनी बाईंना बोलावून आणलं. बाईंचे केस पांढरे झाले होते, पण नजर तीच.

"बाई, ही गळत नव्हती. त्या दिवशी बादलीभर पाणी मी काढलं होतं."

 बाईंनी विचारलं, "भरून होती बादली?"

"काठाला चार बोटं कमी."

त्यांनी माझ्या ओल्या काचेवर बोटाने आकडे मांडले. आठ लिटर. आठ किलो बर्फाचे आठ लिटर, अगदी बरोबर. त्या आकड्यांकडे बघत राहिल्या.

"एकोणीस वर्षं मी शोधतेय, माझं कुठं चुकलं," त्या म्हणाल्या. "रात्रीची झोप सोडून शोधलंय, काका."

"मला माफ करा, बाई."

"ते माझं मी बघेन. गुरुवारी सभा आहे, शाळा पुन्हा कुठं बांधायची त्याची. तिथं सांगा."

काका गेले आणि त्यांनी सांगितलं, हे मान्य करावंच लागेल. मला सभागृहात नेलं. तो कागद काकांनी स्वतःच्या नखाने खरवडून काढला. बाईंनी बर्फ फरशीवर ठेवला, आणि या वेळी दोघंही माझ्यापासून हलले नाहीत. बर्फ ठिबकला, घसरला. पाणी चढलं, मैदान बुडालं, पिवळा ठोकळा उचलला गेला आणि तरंगत काचेला येऊन लागला. चाळीस माणसांनी ते उभं राहून पाहिलं. मग काका बोलले. बादली, टाच, कागद, सगळं.  शेवटी बाईंकडे वळून त्यांनी हात जोडले.

 मला वाटलं, आता. एवढ्या वर्षांनी का होईना.

आणि टाळ्या सुरू झाल्या. नवे अध्यक्ष उठले, त्यांनी काकांना मिठी मारली. असा प्रामाणिकपणा आजकाल बघायला मिळत नाही म्हणाले. कुणीतरी पुष्पगुच्छ आणला. माझ्याशेजारी काकांना उभं करून फोटो काढला, त्यात शोभेल म्हणून त्यांच्या हातात एक बादलीही दिली. बाईंना फोटोत बोलावलं, त्या गेल्या नाहीत. मग अध्यक्ष म्हणाले, आता कामाचं बोलू. माळ पालकांना लांब पडतो. मैदानावर रस्ता आहे, नळ आहे, पायाही शाबूत आहे. तेव्हा शाळा तिथेच, फक्त जोतं दोन हात उंच. बाईंनी वही काढली. दोन हात किती वर्षं पुरतील ते त्यांना सांगायचं होतं. काकांची लेक बोलायला उभी राहिली. दोघींनाही अध्यक्षांनी हसून खाली बसवलं, कारण उशीर झाला होता. हात वर झाले. काकांचा हात वर झाला नाही, पण त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. ते पुष्पगुच्छ धरून उभे होते आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे मागणं मागतात. आम्हाला पुसा, जपा, अडगळीत टाकू नका. माझं तसं काही मागणं नाही. मी आता शाळेच्या दर्शनी भागात आहे, रोज पुसली जाते, पाहुण्यांना दाखवली जाते. मला खरं ठरवून लोकांनी माझ्याकडे पाठ फिरवली आहे, आणि याच्यापेक्षा गळकी म्हणवून घेणं परवडलं असतं. चूक कबूल करणाऱ्याचं कौतुक करायला ही माणसं शिकली. चूक दुरुस्त करायचं अजून बाकी आहे. बाई मोजतायत, पण त्यांचे गुडघे आता पायऱ्या उतरू देत नाहीत, म्हणून रविवारी काका खाली उतरतात आणि आकडा वर ओरडून सांगतात.

नवी इमारत बांधून झाली, सोमवारपासून पहिलीचा वर्ग पुन्हा खालच्या मैदानावर भरतोय. एकतीस मुलं आहेत. तुम्ही मोठे व्हाल आणि हात वर करायची वेळ तुमच्यावर येईल, तेव्हा टाळ्या नंतर वाजवा. आधी त्यांना माळावर न्या.